छोट्या लॉनसाठी गवत कापायचं मशीन कुठलं घ्यावं?

सायली_इंदिरानगर:
नमस्कार मंडळी, नाशिकला रो हाऊस आहे, पुढे अर्धा गुंठा लॉन, म्हणजे साडेपाचशे स्क्वेअर फूट धरा, मधे एक चाफा आणि कडेने कुंड्या. गवत नर्सरीवाल्याने सिलेक्शन वन म्हणून दिलंय. आत्तापर्यंत माळीदादा मोठ्या कात्रीने कापायचे पण ते आता कायमचे गावी गेले आणि बाबा म्हणतात मीच करतो, त्यांचं वय ६८ आणि कंबर अधूनमधून धरते. ऑनलाइन बघितलं तर हाताने ढकलायचं, इलेक्ट्रिक, बॅटरीवालं, पेट्रोलचं, शिवाय तो खांद्याला अडकवायचा ब्रश कटर, काही कळेना. बजेट दहा-बारा हजार. बाहेर प्लग एकच, तोही पोर्चमध्ये. कुणी स्वतः वापरलेलं असेल तर सांगा प्लीज.

हर्षद_औंध:
पेट्रोलचं डोक्यातून काढा, एवढ्याशा जागेला आवाज, धूर, ऑइल बदलणं कशाला. ब्रश कटर पण नको, तो बांधावरचं गवत काढायला ठीक, लॉन त्याने एकसारखं होत नाही आणि वजन खांद्यावर येतं ते वेगळंच. माझं मत हाताने ढकलायचं रीलवालं. त्यात गोल फिरणारी पाती असतात आणि खाली एक पट्टी, मधे गवत आलं की कात्रीसारखं कापलं जातं. सिलेक्शन वन हरळीच्याच कुळातलं, बारीक पानाचं, त्याला हा कट फार सुरेख बसतो. मेक्सिकन लॉन असतं तर मी हे सांगितलं नसतं, ते दाट आणि कडक, ढकलताना दम निघतो. घेताना दुकानातच कागदाची पट्टी पात्यात धरून रील हळूच फिरवून बघा, पूर्ण रुंदीभर कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे, कुठे नुसता दुमडला तर तिथे पट्टीचं सेटिंग लूज आहे.

चिपळूणकर_७२:
हर्षदराव, उन्हाळ्यात सगळं खरं पण जुलैचं काय? आठ दिवस पाऊस लागला आणि कापायचं राहिलं की गवत वीतभर होतं, मग रील ते कापत नाही, नुसतं आडवं पाडून पुढे जातं, आणि ६८ वर्षांच्या माणसाने कंबर धरलेली असताना मागेपुढे हिसके द्यायचे का. मी तर इलेक्ट्रिक रोटरी म्हणेन, बारा-तेरा इंची, खाली आडवं पातं फिरतं आणि वाढलेलं गवतही घेतं. फक्त पातं धारदार ठेवा, बोथट झालं की गवत कापलं न जाता फाटतं आणि दोन दिवसांनी शेंडे पांढुरके-तपकिरी दिसायला लागतात, लोक त्याला रोग समजून औषध मारतात. ओलं गवत कापू नका, खाली चिकटून थर बसतो. तो काढायच्या आधी प्लग काढायचाच, नुसतं स्विच बंद करून हात घालायचा नाही.

सायली_इंदिरानगर:
धन्यवाद दोघांनाही 🙏 पोर्चपासून टोकापर्यंत पंधरा-वीस मीटर वायर लागेल, चालेल का? आणि जमीन एका कोपऱ्यात जरा खचलीये.

वायरमन_सातपूर:
ताई, बाराशे वॅटचं मशीन म्हणजे पाच अँपिअरच्या वर जातं, सोळाशेचं सातच्या आसपास, त्यामुळे मोठा सोळा अँपिअरचा प्लग पाहिजे. वायर दीड एमएमची थ्री कोर, रबरी, मधे जोड नको. गुंडाळी असेल तर पूर्ण सोडून वापरा, गुंडाळलेली तापते. आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, मशीन नंतर. हे हात जोडून सांगतोय, बागेत पायाखाली ओल असते आणि चुकून वायर पात्याखाली आली तर जिवावरचं काम आहे. काकांना सांगा वायर खांद्यावरून मागे टाकायची, प्लगच्या बाजूने सुरुवात करून लांब लांब जायचं.

हर्षद_औंध:
चिपळूणकरांचं पावसाळ्याचं म्हणणं बरोबर आहे, पण नाशिकला कोकणाएवढा पाऊस नाही. काका दर आठवड्याला फिरवणार असतील तर रील, राहून जाणार असेल तर रोटरी. कुठलंही घ्या, हँडलची उंची कमी-जास्त होते का बघा, कंबरेचा त्रास असेल तर वाकून ढकलणं नको. खचलेल्या कोपऱ्यात चाळलेली माती आणि वाळू मिक्स करून अर्धा इंच, गवत वर आलं की परत अर्धा इंच असं भरा, एकदम ओतलं तर गवत गुदमरतं. आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधी कापू नका, वाढलेलं असेल तर चार-पाच दिवसांच्या अंतराने खाली आणा.

चिपळूणकर_७२:
चाफ्याचं राहिलं. बुंध्याभोवती फूटभर गवत काढून नुसतं आळं ठेवा. मशीन तिथे जवळ जात नाही, मग लोक नायलॉन दोरीचा ट्रिमर लावतात आणि साल सोलली जाते. कुंड्यांच्या कडेला हातकात्रीच बरी, दहा मिनिटांचं काम आहे, काका स्टुलावर बसून करतील.