जबड्याचा सांधा आणि चावण्याचे स्नायू दुखत असल्यास औषधांवाचून काय करावे?

निशिगंध : गेले चार महिने माझ्या उजव्या कानाच्या अगदी पुढे, जबड्याच्या सांध्यापाशी दुखत आहे. सकाळी गाल आणि कानशील जड झालेले असते, मोठा घास घेतला की कट् असा आवाज येतो, आणि जांभई येऊ लागली की हात आपोआप हनुवटीखाली जातो. वेदनाशामक गोळ्या पोटाला सोसत नाहीत. एका दंतवैद्यांनी दाढांची पातळी जुळत नसल्याचे सांगून त्या घासून घेण्यास सुचवले. परंतु घासलेली दाढ पूर्ववत होत नाही, म्हणून मी अजून होकार दिलेला नाही. दुसरा मार्ग आहे का?

पायवाट : होकार दिला नाहीत हे उत्तम केलेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि अशा रुग्णांना माझा पहिला प्रश्न असतो, की या क्षणी तुमचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का? वरचे-खालचे दात चावताना आणि गिळतानाच भेटावेत. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला हलके टेकलेले असावे. कामात गढलेला माणूस तासन्‌तास दात आवळून बसतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

व्यायामापूर्वी ओलसर, सोसवेल इतका गरम कपडा 15 ते 20 मिनिटे गालावर ठेवा. नंतर गालावर बोटे ठेवून दात एकदा आवळा. बोटांखाली जो उंचवटा टणक होतो, तो चावण्याचा मुख्य स्नायू. दात सोडून त्यावर गोलाकार, मध्यम दाबाने मालिश करा. मग आरशासमोर, जीभ टाळूवरच ठेवून, हनुवटी एका बाजूला जाणार नाही अशा बेताने तोंड सावकाश उघडा व मिटा. काही दिवस अन्न मऊ, घास लहान, आणि च्युइंगगम पूर्ण बंद.

अबोली : थोडी भर घालते. डिसेंबर 2023 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या दीर्घकालीन दुखण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. तज्ज्ञांच्या देखरेखीखालील जबड्याचे व शरीरस्थितीचे व्यायाम, हातांनी केलेले सांध्याचे चलन, दुखऱ्या गाठींवरील दाब-उपचार आणि संज्ञानात्मक वर्तन उपचार (विचारांची व सवयींची पद्धत बदलायला शिकवणारा मानसोपचार) यांची त्यात ठाम शिफारस आहे. वर्तन उपचाराचे नाव ऐकून ‘दुखणे मनाचेच आहे’ असे कोणी म्हटल्यास मनावर घेऊ नका. वेदना खरीच असते, फक्त ताण आणि आवळण्याची सवय तिला खतपाणी घालतात.

निशिगंध : पायवाट, आपला प्रतिसाद वाचतानाच माझे दात आवळलेले होते! मग रात्री लावायची स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचे प्लास्टिकचे आवरण, निरुपयोगी समजायची का? आणि माझ्या तोंडात दोनच बोटे उभी मावतात.

पायवाट : काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटचा लाभ अनिश्चित असल्याने त्या सूचनांमध्ये तिच्या विरोधात सौम्य शिफारस आहे, दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या स्प्लिंटला मात्र ठाम विरोध आहे. रात्री दात खाण्याची सवय असेल, तर दातांची झीज रोखण्यापुरती ती उपयोगी पडते.

दोन बोटांचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. साधारणपणे स्वतःची तीन बोटे मावतात, म्हणजे सुमारे 40 मिलिमीटर. नुसत्या, न दुखणाऱ्या आवाजाला उपचार लागत नाही. पण पूर्वीचा आवाज अचानक थांबून तोंड कमी उघडू लागले, तर सांध्यातील चकती पुढे सरकून अडकलेली असू शकते. तसे घडले असल्यास जोर लावून तोंड उघडू नका, मुखशल्यचिकित्सकांना याच आठवड्यात दाखवा. सूज किंवा ताप असेल, अथवा वय पन्नाशीपुढचे असून चावताना दुखण्यासोबत नवी डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.