घरीच जावा शिकायलो, कोणत्या क्रमानं जावं?

परभणीकर
नमस्कार मंडळी. बीएस्सी झालंय, पुण्याला राहून क्लास लावायची ऐपत सध्या नाही, म्हणून तीन महिन्यांपासून घरीच यूट्यूब बघून जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायलो. बघताना सगळं समजतंय पण व्हिडिओ बंद करून कोरी फाईल उघडली की हातच चालत नाही. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. कुणी म्हणतंय डायरेक्ट स्प्रिंग बूट (जावातलं वेब अ‍ॅप बनवायचं तयार फ्रेमवर्क) घे, कुणी म्हणतंय आधी डीएसए (डेटा स्ट्रक्चर अन अल्गोरिदम). ज्युनियर डेव्हलपरच्या जॉबसाठी काय करू?

लातूरकर
भाऊ, स्प्रिंग बूटची घाई करू नको. कोर जावा, त्यात कलेक्शन्स (लिस्ट, मॅप वगैरे) अन एक्सेप्शन (चुका हाताळणं) एकदम पक्के, मग एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), मग जेडीबीसी (जावातून डेटाबेसला जोडायची सोय), अन मगच स्प्रिंग बूट. जेडीबीसी लई जण सोडून देतात, पण कनेक्शन उघडणं, क्वेरी पाठवणं, रिझल्ट सेट फिरवणं एकदा स्वतः केलं की स्प्रिंग आपलं कोणतं काम करतंय ते कळतं, नाहीतर कोडवर @ लावून लिहायचे नुसते अ‍ॅनोटेशन पाठ होतात. जेडीके (जावा चालवायचं किट) २१ टाक, स्प्रिंग बूट ३ ला कमीत कमी १७ लागतंच, जुन्या व्हिडिओत ८ असतं. रॅम कमी हाय तर आयडीई (कोड लिहायचं जड सॉफ्टवेअर) राहू दे सध्या, नोटपॅडात लिही, जावा ११ पासून एकच फाईल असली तर वेगळं कंपाइल न करता सरळ चालवता येते.

आता कोऱ्या फाईलचं. घरातलं काम घे. मी आडतीच्या पट्टीचा प्रोग्राम केलता, सोयाबीनचं वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा करून खाली निव्वळ रक्कम. पैसे डबलमधे (जावाचा दशांश आकड्यांचा प्रकार) ठेवले अन बेरीज पट्टीशी जुळेना. दोन दिवस डोकं खाल्लं तवा कळलं की डबलमधे ०.१ अन ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. पैशाला बिगडेसिमल (अचूक दशांश ठेवणारा प्रकार), अन तेही स्ट्रिंगमधून, म्हणजे अवतरणात लिहिलेल्या आकड्यातून बनवायचं. हे मला कोणत्या व्हिडिओनं शिकवलं नसतं.

नांदेडहून
वरच्या भावाचं बरोबर, फक्त डीएसए पार सोडू नको, रोज एक सोपा प्रश्न तरी सोडव. माझ्या इंटरव्ह्यूला विचारलं होतं, दोन इंटीजर ऑब्जेक्टमधे १२७ ठेवून डबल इक्वलनं (==) तुलना केली तर ट्रू, १२८ ला फॉल्स, का? मला आलं नाही. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट जावा कॅशमधून (आधीच बनवून ठेवलेल्या साठ्यातून) तेच ते देते, अन == आकडा नाही तर ऑब्जेक्ट तोच हाय का ते बघतं, म्हणून तुलना नेहमी इक्वल्स मेथडनं करायची. अन गिट (कोडमधले बदल नोंदवायचं साधन) पहिल्या दिवसापासून वापर, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रोजचं काम दिसलं पाहिजे.

परभणीकर
आत्ताच बाबांच्या जुन्या पट्ट्या काढल्या. वजनाचे दोन रकाने हायत, क्विंटल वेगळं अन किलो वेगळं. दोन फील्ड ठेवू का?

लातूरकर
नको, सगळं किलोत एकाच इंटमधे (पूर्णांकाचा प्रकार) ठेव. १२ क्विंटल ५ किलो म्हणजे १२०५. दाखवताना १०० नं भागून क्विंटल काढ, बाकी उरली ते किलो. पट्टीचा जावा क्लास (कोड) लिहून झाला की टाक इथं, बघतो.