एरिश मिल्केला शिक्षा झाली, पण कशाची?

धागाकर्ता: एरिश मिल्के १९५७ ते १९८९ पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलिस खात्याचा प्रमुख होता. शेवटी खात्यात ९० हजारांवर पगारी माणसं आणि दीड लाखाहून जास्त खबरे. संशयितांच्या अंगाचा वास लागलेली फडकी काचेच्या बरण्यांत बंद करून ठेवायचे, पुढेमागे कुत्र्याला माग काढता यावा म्हणून! अशा माणसाला १९९३ मध्ये सहा वर्षांची कैद झाली ती १९३१ साली बर्लिनमध्ये केलेल्या दोन पोलिस अधिकाऱ्यांच्या खुनासाठी. श्टाझीबद्दल काहीच नाही. मला हा न्याय वाटत नाही.

प्रतिसाद १: असहमत. आन्लाउफ आणि लेंक या त्या दोन अधिकाऱ्यांना पाठीमागून गोळ्या घातल्या, तो खून जुना झाला म्हणून माफ करायचा का? पश्चिम जर्मनीत पळताना सीमेवर मारल्या गेलेल्यांचा खटलाही भरला होता, तो त्याच्या प्रकृतीमुळे सोडून द्यावा लागला. आणि पाळत ठेवणं हे तिथल्या कायद्यात बसत होतं. मागाहून कायदे करून शिक्षा दिली तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?

प्रतिसाद २: पण पुरावा कुठला? १९३४ च्या नाझी काळातल्या तपासाचा! तेव्हाचे जबाब कसे घेतले असतील हे सांगायला हवं का? मिल्के मला अजिबात नको, पण हा पुरावाही नको.

प्रतिसाद १: तेवढाच पुरावा नव्हता. मॉस्कोत त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलेल्या माहितीतही या प्रकरणातला सहभाग कबूल केला होता.

धागाकर्ता: कायद्याचंच बोलायचं तर वेर्नर टेस्केचं बघा. हा श्टाझीचाच कॅप्टन. पश्चिमेला पळायचा नुसता बेत केला म्हणून १९८१ मध्ये लाइपझिगला त्याला गुपचूप ठार केलं. हा मृत्युदंड पूर्व जर्मनीच्या कायद्यातही बसत नव्हता, म्हणून त्या खटल्यातल्या न्यायाधीशाला आणि सरकारी वकिलाला १९९८ मध्ये शिक्षा झाली. नवा कायदा लागलाच नाही. मग खात्याच्या प्रमुखाला हाच न्याय का नाही? १९९५ मध्ये त्याला सोडून दिलं, २००० साली वृद्धाश्रमात वारला.

प्रतिसाद ३: १९९२ पासून ज्याला त्याला श्टाझीनं ठेवलेली आपापली फाइल वाचता येते, खबऱ्यांची नावंही कळतात. माझ्या लेखी कुठल्याही कैदेपेक्षा हे मोठं आहे.

धागाकर्ता: मोठं आहेच, पण त्याचं श्रेय कोर्टाला नाही. श्टाझीत कागद फाडायचं काम सुरू झालं होतं. १५ जानेवारी १९९० ला लोक मुख्यालयात घुसले, म्हणून उरलेल्या फायली शाबूत राहिल्या.