लॅपटॉप स्पीकरची खरखर – फक्त लिनक्सवर. मदत हवी आहे

लॅपटॉप ड्युअल बूट आहे, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्सवर आवाज सुरू असताना अंगच्या स्पीकरमधून सतत खरखर येते, व्हॉल्यूम १५ टक्के असला तरी. हेडफोन, ब्लूटूथ, एचडीएमआय ठीक. चार्जर काढूनही फरक नाही.

स्नड_एचडीए_इंटेलचं (लिनक्सचा साउंड ड्रायव्हर) पॉवर_सेव्ह (वीज वाचवण्याची सोय) ० केलं, त्याने आवाज सुरू होतानाचा 'टक्क' गेला, खरखर तशीच. पाइपवायरचा (लिनक्सचा ऑडिओ सर्व्हर) क्वांटम, म्हणजे बफरचा आकार, १०२४ वरून २०४८ केला. पीडब्ल्यू-टॉपमध्ये (पाइपवायरवर नजर ठेवणारी कमांड) ईआरआरचा (चुकांचा) आकडा हलत नाही, म्हणजे बफर रिकामा पडत नाहीये. अल्सामिक्सरमध्ये (आवाजाच्या पातळ्या ठरवायचं साधन) माइक बूस्ट ०, लूपबॅक बंद.

खरी गोम पुढे आहे. विंडोजमधून थेट रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलं की आवाज स्वच्छ! पूर्ण बंद करून चालू केलं की पुन्हा खरखर. त्यामुळे हार्डवेअर शाबूत असावं, विंडोजचा ड्रायव्हर कोडेकच्या (साउंड चिपच्या) कोएफ रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या सेटिंगच्या जागा) काहीतरी भरतो आणि लिनक्सचा भरत नाही, असा माझा कयास.

डंप_कोएफ (कोएफच्या किमती दाखवणारा पर्याय) १ करून दोन्ही अवस्थांतल्या कोडेक फाइली काढल्या. नोड २० (हेक्स), म्हणजे कोडेकचा कोएफ असलेला भाग, यामध्ये बऱ्याच किमती वेगळ्या आहेत. सगळ्या एकदम लिहायचं धाडस नाही, स्पीकरचा अँप्लिफायर जायचा.

यातल्या नेमक्या कामाच्या किमती कशा ओळखायच्या? आणि एचडीए-व्हर्बने (कोडेकला थेट आज्ञा देणारी कमांड) लिहिलेलं सस्पेंडनंतरही टिकावं म्हणून पॅच फाइल (ड्रायव्हर सुरू होताना वाचतो ती) बरी की सिस्टमडीची (लिनक्सच्या सेवा चालवणारी प्रणाली) स्क्रिप्ट?