पायी यात्रा, डोंगर आणि तळपायाचे फोड : तुमचे अनुभव लिहा

चैत्र तोंडावर आलाय. धुळे, शिरपूर, अमळनेर, पारोळा इकडून सप्तशृंगी गडावर पायी निघणाऱ्यांची जमवाजमव सुरू झाली आहे. मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी हा रस्ता ज्या घरातून कुणीच चाललं नाही असं घर आपल्याकडे विरळा. देवीची गाणी, भंडारे, सेवा मंडपातला चहा यावर सगळे भरभरून बोलतात. दोन-तीन मुक्कामांनंतर अर्धी मंडळी लंगडायला लागतात, ते मात्र 'आईची परीक्षा' म्हणून सोडून देतात. परीक्षेचं आईवर सोडू, आपण फोडांबद्दल बोलू. फोड आल्यावर काय केलं, कशाने पुढे चालता आलं, कशाने चिघळलं, ते लिहा. गड, सातपुड्यातला अस्तंब्याचा डोंगर, मनुदेवीचं देऊळ, पंढरपूर, नुसता ट्रेक, काहीही चालेल. 'ऐकलंय की' नको. स्वतःच्या किंवा घरातल्या पायाचं लिहा.

अमळनेरची लेक
आमच्या जथ्यात मोठे काका औषधाची पिशवी सांभाळतात आणि कुणालाही स्वतःच्या फोडाला हात लावू देत नाहीत. छोटा, न दुखणारा फोड असेल तर नुसती पट्टी आणि 'चल'. टाचेवर मोठा, टरटरून फुगलेला असेल, पाय टेकवत नसेल, तरच पाणी काढायचं. आधी साबणाने हात, मग पाय. फोडावर आयोडीनचं औषध. सुई मेडिकलमधली, पाकिटातली नवी. फोडाच्या कडेला, खालच्या बाजूने दोन-तीन छिद्रं, आणि स्वच्छ गॉजने हलकेच दाबायचं. वरची कातडी जशीच्या तशी राहू द्यायची. त्यावर व्हॅसलीन, न चिकटणारी पट्टी, वरून चिकटपट्टी. संध्याकाळी परत भरला तर परत तेच. काकांचं एकच वाक्य असतं, "चामडी नको काढजो भाऊ!"
कापूस थेट जखमेवर ठेवला की तो तंतूंसकट चिकटतो आणि काढताना सगळी खपली येते. कापसाच्या मुलखातल्या बाईने हे लिहावं म्हणजे जरा गंमतच.

साक्रीवाला
आमच्याकडे सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढतात आणि दोरा तसाच ठेवतात. पाणी झिरपत राहतं. आजोबांपासून चालत आलंय, काही होत नाही.

शिबिरातली डॉक्टर
साक्रीवाले दादा, ज्यांना काही होत नाही ते माझ्याकडे येत नाहीत, म्हणून आपलं दोघांचंही म्हणणं खरं वाटतं. तो दोरा म्हणजे बाहेरची धूळ-घाम आत नेणारी वात. पाणी निघायला छिद्रं पुरतात, दोरा नको.
फोड का येतो ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. मोजा कातडीला धरून राहतो, आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. त्या ओढाताणीत कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि मधे पाणी भरतं. घामाने ओली कातडी जास्त धरते, म्हणून ओल्या मोज्यात फोड लवकर. वरचं कातडं शाबूत असेपर्यंत आत जंतू जात नाहीत. त्याहून चांगली पट्टी बाजारात मिळत नाही. रक्ताने भरलेला फोड असेल तर फोडायचाच नाही.
पू, वाढत जाणारी लाली, गरमपणा, पायावरून वर चढणारी लाल रेघ, ताप, यातलं काहीही दिसलं की चालणं थांबवून दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा.

तळोदेकर
अस्तंब्याची यात्रा धनत्रयोदशीच्या सुमारास, म्हणजे हवा थंड. त्यामुळे चढताना कुणाला काही वाटत नाही. खरा मार उतरताना बसतो. पाय बुटात पुढे घसरतो, बोटं टोकावर आपटतात, नखाखाली रक्त साकळतं, करंगळीला फोड. माझा उपाय साधा: निघायच्या आधी नखं कापायची, आणि उतार सुरू होण्याआधी थांबून नाडी घोट्यापाशी शेवटच्या भोकापर्यंत आवळून बांधायची, टाच मागे घट्ट बसेल अशी. नवे बूट घालून आलेली पोरं दरवर्षी दिसतात. कुणाचं ऐकतात होय!
जाता जाता: अश्वत्थामा कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत सातपुड्यात फिरतो म्हणतात, त्यामुळे आमच्या गटात तेल सगळ्यांच्या पिशवीत असतं. चालून झाल्यावर पोटऱ्यांना चोळा, फुटलेल्या फोडावर नको.

मुक्ताईनगरहून
मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूर म्हणजे महिन्याभराहून जास्त चाल. सुरुवातीला ऊन, पुढे पाऊस. पावसात पाय दिवसभर भिजून पांढरेफटक आणि सुरकुतलेले होतात, अशी कातडी जरा घासली तरी सोलवटते. आम्ही मोजे दोन जोड ठेवतो, एक पायात, एक पिशवीवर वाळत. प्रत्येक विसाव्याला चपला-बूट काढून पाय उघडे. नुसते सुती मोजे घाम धरून ठेवतात, त्यापेक्षा खेळाच्या दुकानातले लवकर वाळणारे बरे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: 'इथे चुरचुरतंय' असं वाटलं त्या क्षणी थांबायचं. लाल झालेल्या जागी कागदी मायक्रोपोर चिकटपट्टी, सुरकुती न पडू देता. त्या वेळी पाच मिनिटं दिली नाहीत तर पुढचा अख्खा दिवस जातो.

शिबिरातली डॉक्टर
मायक्रोपोरचं ऐकून बरं वाटलं. 2016 मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध झाला. 250 किलोमीटरच्या टप्प्याटप्प्याच्या शर्यतीतल्या 128 धावपटूंच्या पायाच्या काही भागावर कागदी पट्टी लावली, काही भाग तसाच ठेवला. पट्टीच्या जागी फोड साधारण 40 टक्के कमी. मेडिकलमधली सर्वांत स्वस्त पट्टी.

पारोळा
वडिलांना साखर आहे. गेल्या खेपेला चवड्याखाली फोड आला, फुटला, त्यांना कळलंच नाही. मोजा ओला लागला तेव्हा पाहिलं. दुखत नव्हतं म्हणून ते चालायला तयार होते. आम्ही तिथूनच गाडीत बसवून डॉक्टरांकडे नेलं. ज्यांना साखर आहे त्यांनी स्वतः सुई लावायची नाही. रोज रात्री तळवा दुसऱ्या कुणी तरी बॅटरी लावून पाहायचा, आरसा असेल तर उत्तम. या वर्षी वडील नांदुरीपर्यंत गाडीने येणार आहेत. नाराज आहेत, पण येणार आहेत.

धुळ्याची सून
अनवाणी जाणाऱ्यांचं कुणी लिहिलं नाही. माझ्या जावेचा नवस होता. चैत्रातलं आपल्याकडचं ऊन, दुपारचा डांबरी रस्ता. तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आले. सेवा मंडपात कुणी टूथपेस्ट लावत होतं, कुणी बर्फ.

शिबिरातली डॉक्टर
ताई, ते घासून आलेले फोड नाहीत, भाजल्याचे आहेत. उपचार वेगळे. लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीसेक मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ, न चिकटणारं काही सैलसर गुंडाळायचं आणि दवाखान्यात दाखवायचं, तळव्याचं भाजणं साधं समजायचं नाही. नवस असेल तर पहाटे चाला, दहाच्या आत सावलीत या.

धुळ्याची सून
पहाटेचं जमेल. दुपारी थांबायचं म्हटलं तर जथा पुढे निघून जातो हो, एकटी बाई मागे कशी राहणार?

अमळनेरची लेक
आमच्या जथ्यात या. काका दहाला थांबवतातच, आवडो न आवडो.