सोयाबीनच्या मुळाच्या गाठी आतून पांढऱ्या निघाल्या, काय चुकलं? मदत हवी आहे

राम राम मंडळी. औसा तालुक्यात आमचं काळं रान आहे, सोयाबीन 35 दिवसांचं झालंय. काल खुरप्यानं मातीसकट पाच-सहा झाडं उकरली, बादलीत हलक्या हातानं धुतली, तर मुळाला मोजून चार-पाच गाठी, त्याही नखानं फोडल्यावर आतून पांढऱ्या, एक तर हिरवटच. बांधापलीकडं चुलत्याच्या रानातलं झाड बघितलं तर गाठीच गाठी अन् फोडली की नखाला लाल रंग लागतो. बी एकच, पेरा दोन दिवस मागंपुढं.

मी रायझोबियम, म्हंजी मुळाला गाठी आणणारे जिवाणू, बियाला लावलं होतं हो, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या पाण्यात. पण दुकानदार म्हणला बुरशीनाशक नंतर चोळलं तरी चालतंय, म्हणून वरून तेही चोळलं अन् बी रात्रभर पत्र्याच्या खोलीत ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी पेरलं. पुढं पीक पिवळं दिसायला लागलं म्हणून विसाव्या दिवशी एकरी एक गोणी युरिया टाकला. आता काही करता येईल का? आणि उरलेलं पाकीट रब्बीत हरभऱ्याला चालेल का? पिकाकडं बघून जीव लागत नाही, कुणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद 1:
दादा, क्रम उलटा झाला. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी, अन् सावलीत सुकवून लगेच पेरायचं. तुमचे बरेचसे जिवाणू बियावरच मेले असणार, ज्या थोड्या गाठी दिसतात त्या मागच्या सोयाबीनपासून रानात राहिलेल्या जिवाणूंच्या असाव्यात. त्यात युरिया. गाठीतला जिवाणू झाडाला नत्र देतो अन् बदल्यात झाडाची साखर घेतो; मुळाला आयता नत्र मिळाला की झाड गाठी करायचं कमी करतं, जिवाणूला साखर कशाला पुरवील? लाल रंग गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन नावाच्या द्रव्याचा, तो असला म्हणजे गाठ हवेतला नत्र धरतीय. आता युरिया अजिबात नको. पाणी साचलंय का बघा, मुळाला हवा नसली तर चांगली गाठही बंद पडते. हरभऱ्याला ते पाकीट नको, त्याचा जिवाणू वेगळा असतोय, परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारून हरभऱ्याचंच घ्या. एक सांगा, पिवळी पानं वरची की खालची?

धागाकर्ता:
आत्ता जाऊन बघून आलो, वरची कोवळी पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खालच्या अंगाला पाणीपण साचलंय.

प्रतिसाद 1:
मग ते पिवळं पडणं नत्र कमी पडल्याचं नाही, लोह कमी पडल्याचं आहे, चुनखडीच्या रानात पाणी धरलं की असंच होतं. युरिया फुकट गेला बघा. आधी चर काढा, वाफसा आला की फेरस सल्फेटची फवारणी कृषी सहायकाला विचारून घ्या.

धागाकर्ता:
चर काढायला पोराला घेऊन निघालो दादा. आठ दिवसांनी परत झाड उकरून गाठी फोडतो अन् इथंच टाकतो.