पोनी कूपे, एन व्हिजन ७४ आणि मामांची बिनछपराची हेरल्ड

वळीव_११
काल जेवताना पोरानं मोबाईल ताटापाशी आणला. "बाबा, ही बघा." ह्युंदाईची एन व्हिजन ७४. कन्सेप्ट, म्हणजे नुसती दाखवायला केलेली नमुना गाडी. २०२२ सालची, म्हणजे बातमी शिळी, पण माझ्यापर्यंत काल पोचली. खोक्यासारखं चौकोनी नाक, ठिपक्याठिपक्यांचे दिवे, दारामागं तिरका जाडजूड खांब. घास हातातच राहिला.

मग रात्री एकपर्यंत वाचत बसलो. १९७४ ला इटलीत तुरिनच्या प्रदर्शनात ह्युंदाईनं पोनी कूपे मांडली होती, रेखाटन ज्युजारो या इटालियन डिझायनरचं. ती कधी विक्रीला आलीच नाही आणि मूळ नमुनाही पुढं हरवला. ही नवी तिच्यावर बेतलेली. जी गाडी झालीच नाही तिची आठवण पन्नास वर्षं जपली, हे मला फार आवडलं.

आणि मामा आठवले. मामांची स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची. ८७ सालच्या मे महिन्यात धाकट्या मामाच्या वरातीसाठी त्यांनी तिचं छप्पर उतरवलं. कापलं नाही हां, नटबोल्ट काढून उचललं. सगळं साताऱ्यातच, राधिका रोडच्या एका मिस्त्रीकडं. राजवाड्यापासून वरात निघाली, मोती चौकात लोक नवरीला सोडून गाडीच बघत होते. पोवई नाका यायच्या आत वळीव कोसळला. नवरी छत्रीत, नवरा भिजलेला, आणि मामा स्टेअरिंगवर असे बसलेले की जणू हे ठरवूनच केलंय.

तर सांगा, ही कन्सेप्ट तुम्हाला कशी वाटली? आणि बघून कुठली गाडी आठवली?

मिरजेचा_तंबोरा
मामा 🙏🙏

गिअरबॉक्स_ग्रीस
छप्पर उचललं तरी गाडीची कंबर मोडली नाही कारण हेरल्डला खाली वेगळी चॅसी, म्हणजे लोखंडी चौकट. बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टनं बसवलेले. अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढं उलगडायचं, आठवतंय ना? आजच्या गाड्यांत पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो, छप्पर काढलंत तर दारं लागणार नाहीत. कुणी घरी प्रयोग करू नये. आणि हेरल्डची रेखाटणीही तुरिनच्याच माणसाची, मिकेलोत्ती. म्हणजे तुमच्या मामांची गाडी आणि पोनी कूपे एका गावच्या.

वळीव_११
@गिअरबॉक्स हे माहीत नव्हतं! मामांना सांगितलं तर पुन्हा छाती फुगणार, वय ८१.

भडंग_प्रेमी
दिसायला लई भारी. पण ही हायड्रोजनवर चालणार, तो भरायचा कुठं? विश्रामबागला सीएनजीच्या रांगेत अर्धा तास जातो इथं

कऱ्हाड_५०
रांगेत उभी राहिली तरी लोक फोटो काढतील, वेळ जाईल

सज्जनगड_पायरी
मला नाही आवडली. स्पष्टच बोलतो. नवीन काही सुचेना की जुनं कपाट उघडायचं, ही सगळ्या कंपन्यांची सवय झालीय. शिवाय आपल्या गतिरोधकांवर पोट घासेल. आमच्या आळीतला एक ओलांडताना माझी साधी हॅचबॅक कण्हते.

गिअरबॉक्स_ग्रीस
कपाट उघडण्यात फरक असतो दादा. नुसता गोल दिवा लावून किंमत वाढवणं वेगळं. इथं आत नवीन काम आहे. हायड्रोजनपासून वीज करणारा फ्युएल सेल आणि बॅटरी दोन्ही, मागच्या दोन चाकांना दोन वेगळ्या मोटारी, कोणत्या चाकाला किती ताकद द्यायची ते वळणावर वेगवेगळं ठरतं. एकूण ६७० हॉर्सपॉवरच्या आसपास. जुना सदरा, आतला माणूस नवा.

सज्जनगड_पायरी
सदरा पण नवा घालायला काय हरकत होती

यवतेश्वर_वळण
भात कुकरला लावून लिहितेय त्यामुळं थोडक्यात. आमच्याकडं सिएरा होती, ९०च्या दशकातली, तीन दारांची. मागची काच छपरापर्यंत वळलेली, तिच्यातून आडवं पडून अजिंक्यतारा दिसायचा. २०२० च्या ऑटो एक्स्पोत टाटांनी त्या नावाची कन्सेप्ट मांडली तेव्हा बाबांनी पेपरातलं कात्रण काढून देवघरात ठेवलं. देवघरात!! आई अजून बोलते त्यावरून. शिट्टी झाली पळते

मावशीचा_लाडका
ज्युजारो म्हणजे इटालडिझाइनवालेच ना? डिलोरियन त्यांची, मग मटिझ पण त्यांच्याकडचीच. माझ्या मावशीकडं होती. म्हणजे मी दहावीचे सगळे पेपर डिलोरियनच्या खानदानातल्या गाडीतून दिलेत. मार्क मात्र खानदानाला शोभणारे पडले नाहीत.

मिरजेचा_तंबोरा
हाहाहा खानदान. फियाट उनो पण त्यांचीच रे

कृष्णाकाठ_१०
आमच्याकडं कॉन्टेसा होती. पांढरी, बाबांनी ८९ ला घेतलेली. लांबलचक बॉनेट, मागं बसलं की सोफ्यावर बसल्यासारखं. बाबा गेल्यावर मी चालवायचो कमी, पुसायचो जास्त. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही माणसं आणि म्हैस बाहेर काढली. गाडी राहिली. दहा दिवसांनी शेड उघडली तर सीटवर चिखलाचा थर, आणि डॅशबोर्डवरचा बाबांनी चिकटवलेला सांगलीचा गणपती जागच्या जागी.
तुमची कन्सेप्ट बघितली. पुढचं तोंड बघून एकदम तीच वाटली. बास, एवढंच लिहायचं होतं.

यवतेश्वर_वळण
😔

गिअरबॉक्स_ग्रीस
दादा, गाडी आहे का अजून? इंजिन जॅम झालं असेल तर स्पार्क प्लग काढून तेल सोडा, आठवडाभर मुरू द्या, मग हातानं फिरवून बघा. लगेच सेल्फ मारू नका. खरंच विचार असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

कृष्णाकाठ_१०
आहे. विकायला मन होईना. व्यनि केलाय.

कऱ्हाड_५०
(अवांतर) कुणी यवतेश्वर घाटात जुनी पेट्रोल गाडी बंद पडून ओल्या फडक्यानं चालू केलीय का? आमचे आजोबा फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचे. पंप इंजिनला चिकटलेला, चढावर तापला की पेट्रोलचीच वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटरला काही पोचायचं नाही. ते फडकं ठरलेलं होतं, आजीच्या जुन्या लुगड्याचं. दुसरं चालायचं नाही म्हणे

भडंग_प्रेमी
लुगड्याचं काठ की पदर 😂

कऱ्हाड_५०
पदर. आजी काठ देत नव्हती.

सज्जनगड_पायरी
कासला जाताना प्रत्येक वळणावर एक गाडी बॉनेट उघडून उभी असायची, माणसं पेढे खात बसलेली. एवढं मात्र मान्य, ते दिवस मलाही आठवतात. गाडी तरी नाही आवडली.

मावशीचा_लाडका
रेट्रो म्हणता तर आपली सॅन स्टॉर्म कुणी पाहिलीय का? गोव्यात बनायची, दोनच सीट, फायबरची बॉडी. एकदा हायवेवर पुढं निघून गेली, मी एसटीच्या खिडकीत. कंडक्टर म्हणाला, खेळण्यातली दिसतीय.

वळीव_११
सगळ्यांना धन्यवाद, आज कामात होतो. ज्युजारोंनी ह्युंदाईसोबत २०२३ ला ती हरवलेली पोनी कूपे पुन्हा बांधून इटलीत दाखवली, हे आज कळलं. लगेच मामांना फोन लावला. म्हटलं, मामा, इटलीवाल्यांनी हरवलेली गाडी पुन्हा केली, आपण हेरल्डचं छप्पर पुन्हा बसवायचं का? गाडी ९४ ला भंगारात गेली हे दोघांनाही माहीत. मामा म्हणाले, गाडी आण, छप्पर आहे.
खरंच आहे. शेतात विहिरीच्या मोटारीवर घातलंय, पावसापासून झाकायला.

गिअरबॉक्स_ग्रीस
फोटो टाका!! बोल्टची भोकं दिसली पाहिजेत

भडंग_प्रेमी
आणि मोटार किती एचपीची तेही लिहा

वळीव_११
पाच. रविवारी जातोय, टाकतो.